पेवातलं महायुद्ध

जर्मनीला आणि जपानला ज्या गावाचा पत्ता लागला नाही, अशा एका गावात गेल्या साली मी महायुद्धाचं भुयार बघायला गेलो होतो. चोरून नव्हे, रीतसर बघ्या म्हणून. दाराशी वहाणा काढायला लावल्या, हातात अर्धी जळालेली मेणबत्ती दिली, आणि "डोकं सांभाळा, आत काळोख आहे," असं बजावून इनामदारांच्या कारभाऱ्यानं वीसेक माणसांच्या रांगेत मला उभं केलं. रांगेत निपाणीचा एक तंबाखूचा व्यापारी सहकुटुंब होता. एक शाळामास्तर होते. शिवाय नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं होतं. त्यांना घरच्यांनी आधी देवाला नेलं होतं आणि मग इथं आणलं होतं.

निपाणीहून चिकोडीकडे निघालं की आडवाटेला हे गाव लागतं. पण मी तिथं कसा पोचलो ते आधी सांगायला हवं.

निपाणीत तंबाखूच्या एका वखारीवर माळ्याची खोली होती. खाली तंबाखूचा खकाणा, वर आम्ही चौघं आणि एक सायक्लोस्टाइलचं यंत्र. बिड्या वळणाऱ्या बाया असोत, हमाल असोत, कुळं असोत. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं जिना चढून वर यावं, आम्ही पत्रक काढू, असा आमचा खाक्या होता. सगळं लिखाण शिंकत शिंकत व्हायचं. त्यामुळे वाक्यं आपोआपच छोटी आणि जोरकस यायची. फाल्गुन निम्मा सरल्यावर एका दुपारी एक आक्का तो जिना चढून आली. पन्नाशीची, जैन शेतकऱ्याच्या घरातली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. वर आल्यावर तिनं कानडीत देवाचं नाव घेतलं, खाली बसली आणि मराठीत म्हणाली,

"अर्ज लिवून देतासा न्हवं हितं?"

"अर्ज नाही आक्का, पत्रक. अर्ज म्हणजे भीक."

"मला भीक बी नगं, पत्रक बी नगं. माजं पेव पायजे."

ज्यांनी पेव बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे जोंधळा घरात ठेवत नाहीत, जमिनीत ठेवतात. मुरमाड जागा बघून खाली दोन पुरुष खोल खड्डा घेतात. तोंड एका माणसापुरतं, पोट रांजणासारखं मोठं. आत धूर करायचा, मग जाळ करून भिंती खडखडीत वाळवायच्या, सारवायच्या, बाजूनं आणि तळाला उसाच्या पाचटाचा थर लावायचा आणि जोंधळा ओतायचा. तोंडावर धोंडा ठेवून माती लिंपली की दोन-तीन सालं बघायचं काम नाही. पेव उघडताना मात्र कुणी एकदम आत उतरत नाही. कोंडलेल्या पेवातली हवा माणसाला मारते. आधी दोरीनं कंदील सोडायचा. तो जळत राहिला तर माणूस उतरतो, विझला तर सगळे काठावर बसून राहतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सरकारला ठाऊक नव्हतं.

लढाईच्या ऐन भरात त्या गावच्या इनामदारांनी वर्तमानपत्रात वाचलं, की लंडनमधली माणसं जमिनीखाली जाऊन जीव वाचवतात. इनामदारांना तेव्हा एकच व्यथा होती: नावापुढे रावसाहेब हा सरकारी किताब लागत नव्हता. वॉर फंड देऊन झाला होता, रंगरूट देऊन झाले होते, साहेबाच्या गळ्यात हार घालून झाले होते. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या गल्लीत जमिनीखाली पाच पेवं ओळीनं तयारच आहेत. एक त्यांचं स्वतःचं, चार लोकांची. मधली माती कोरली की हवाई हल्ल्यापासून बचावाचं भुयार तयार! त्यांनी बेळगावला लिहिलं, बेळगावाहून होकार आला, आणि लोकांनी आपापली पेवं रिकामी करून दिली. सरकारी काम म्हटल्यावर नाही कोण म्हणतो?

भुयार झालं. पाहणीला बेळगावाहून एक गोरा साहेब आला. भोंगा म्हणून देवळातला नगारा वाजवला. गावानं पाच मिनिटांत जमिनीखाली जायचं, असा हुकूम होता. पण भुयार महिनाभर फळ्या टाकून बंद होतं. सगळं गाव शिस्तीत आलं, तोंडाभोवती गोल बसलं आणि कुणीतरी दोरीला कंदील बांधला. साहेब घड्याळ दाखवून ओरडतोय, इनामदार हात जोडताहेत, आणि म्हातारी माणसं शांतपणे सांगताहेत, "थांबा जरा सायेब, दिवा काय म्हंतोय बगूया." कंदील विझला. गाव बसून राहिलं. जपानचं विमान आलंच असतं, तर त्याला वर घिरट्या घालत हवा शुद्ध व्हायची वाट बघावी लागली असती. साहेबानं 'या गावात शिस्त नाही' असा शेरा मारला आणि मोटारीत बसून निघून गेला. तो खाली उतरला असता, तर महायुद्धात त्या गावानं एक इंग्रज मारला असता, तोही लेखी आमंत्रण देऊन.

त्यानंतर त्या भुयारात युद्ध म्हणून कुणी शिरलं नाही. लढाई संपली. पेवं परत करायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण इनामदारांना आणखी एक गोष्ट सुचली होती. भुयार लोकांना दाखवायचं, लोकांचे अभिप्राय वहीत घ्यायचे आणि वही वर पाठवायची. रावसाहेब अजून बाकीच होतं.

आक्काचं पेव त्या ओळीत बरोबर मधलं, तिसरं. पेव गेल्यापासून तिनं जोंधळा पोत्यांत ठेवला. एका साली किड्यानं आतल्या आत पीठ केलं. दुसऱ्या साली छपराची ओल लागून दाणा काळा पडला. सरकारी लेव्हीचं धान्य घालून उरलेला स्वतःच्या रानातला पांढरा शाळू जोंधळा असा गेला, आणि घरची नऊ माणसं रेशनच्या दुकानात उभी राहून लांबचा कुठला तरी तांबडा जोंधळा आणून खाऊ लागली. यंदा शाळू चांगला आला होता. खळं चालू होतं. पाडव्यानंतर वळीव कधी कोसळेल याचा नेम नाही. त्याआधी पेव मिळालं तर घर वर्षभर खाणार होतं, नाही मिळालं तर पुन्हा तांबडा जोंधळा. एवढीच गोष्ट होती.

एवढीच असली तरी मला ती फार छोटी वाटली. मी लगेच कागद ओढला आणि मथळा घातला: 'साम्राज्यशाहीचे पाताळयंत्र!'

आक्कानं मान वाकडी करून बघितलं. "तू बगितलंयस व्हय रं भुयार?"

"बघायला कशाला पाहिजे? साम्राज्यशाही आम्ही रोज बघतोय."

"साम्राज्यशाई न्हवं. पेव. आदी बगून ये जा."

म्हणून मी त्या रविवारी मेणबत्ती धरून रांगेत उभा होतो.

इनामदारांच्या अंगणातून पायऱ्या खाली जात होत्या. पहिलं पेव त्यांचंच. भिंतीला चुना मारला होता, आणि वर पाटी होती: 'विभाग पहिला. स्त्रिया व मुले'. कारभारी मूळचा सोंगी भजनातला असावा. खाली उतरल्याबरोबर त्यानं आवाज खोल केला.

"मंडळी, बाहेर आगीचा पाऊस पडत असता इथं एक बाळ जन्माला आलं असतं!"

व्यापाऱ्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. "आणि मंग?"

"सुखरूप राहिलं असतं, बाई."

मी विचारलं, "आगीचा पाऊस कधी पडला?"

"युद्धकाळात."

"कुठं?"

"पडला असता तर," कारभारी म्हणाला, "तो काय कुणाला विचारून पडला असता?"

शाळामास्तर माझ्याकडे वळले. "प्रश्न शेवटी विचारा हो. लोकांचा रसभंग होतोय."

वाकून चालत दुसऱ्यात गेलो, 'धान्य व पाणी विभाग', आणि तिथून तिसऱ्यात. पाटी होती: 'रुग्णकक्ष'. आत एक मोडकी बाज, तिच्यावर पांढरी चादर, उशाशी एक रिकामी बाटली. युद्धात जखमी न झालेल्या माणसांची इथं सोय केली होती. चुना इथं पातळ होता आणि भिंतीला अजून पाचटाच्या काड्या चिकटलेल्या दिसत होत्या. नव्या नवरीनं मेणबत्ती वर धरली, बोटानं एक काडी काढली आणि एकदम खुशीत येऊन म्हणाली,

"अगो बाई, ह्ये पेव हाय की! आमच्या म्हायेरात अस्संच हाय."

"गप," नवरा कुजबुजला. "भुयार हाय."

"भुयार कशाचं? ह्ये बगा पाचट. वर तोंड हाय बगा, फळ्या टाकल्यात."

सगळ्यांनी वर बघितलं. मला वाटलं, झालं, आता या पोरीनं दोन वाक्यांत जे केलं त्यापुढे पत्रकाची गरजच उरली नाही. पण कारभारी मुरलेला होता.

"बरोबर ओळखलंत," तो म्हणाला. "शत्रूला पेव वाटावं, अशीच रचना केली आहे."

व्यापाऱ्यानं "वा!" म्हटलं. मास्तरांनी ते वहीत टिपून घेतलं. नवरीनं काडी मात्र टाकली नाही.

वर आल्यावर इनामदार ओसरीवर अभिप्रायाची वही घेऊन बसलेच होते. रेशमी फेटा, गळ्यात उपरणं, वागणं अत्यंत गोड. मी वही ओढली आणि अडीच पानं लिहिली. ढोंग, लूट, खुशामत, जनतेच्या पोटावर पाय, काहीच बाकी ठेवलं नाही. लिहून ती त्यांच्यासमोर ठेवली आणि छाती काढून उभा राहिलो. इनामदारांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"अक्षर सुरेख आहे," ते म्हणाले. "इतका मोठा अभिप्राय अजून कुणी दिला नव्हता. 'काळोखात कोरलेले कारस्थान'! वा! कारभारी, यांना चहा द्या."

चहा मी घेतला नाही. लाह्या तेवढ्या खाल्ल्या, कारण चालून भूक लागली होती.

पत्रक त्याच आठवड्यात निघालं. ते वाचून मला स्वतःलाच घाम फुटला, इतकं ते चांगलं उतरलं होतं. भुयाराचा काळोख, विषारी हवा, कुबट वास, भिंतीतून ऐकू येणारे शोषितांचे हुंकार. हुंकार मी ऐकले नव्हते, पण ते असायला हवे होते. 'या नरकद्वाराचा निषेध करा!' असं शेवटी मोठ्या अक्षरांत होतं. निपाणीच्या बाजारात, चिकोडीच्या स्टँडवर आणि कोल्हापूरच्या मोटारींत आम्ही ते वाटलं.

पुढच्या रविवारी निषेध करायला लोक आले. बैलगाड्या जुंपून, भाकऱ्या बांधून, पोराबाळांसह आले. इनामदारांच्या दारात गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. लोकांच्या हातांत आमची पत्रकं होती, आणि खाली उतरल्यावर ते मेणबत्तीच्या उजेडात ती वाचून विचारत होते, "ह्यातली विषारी हवा कुठली हो?" कारभाऱ्यानं चार दिवसांत पत्रक पाठ केलं होतं. "विषारी हवा चौथ्या विभागात," तो सांगायचा. "हुंकार शेवटी. जरा शांतता राखलीत तर ऐकू येतील." एका म्हाताऱ्याला ऐकू आलेसुद्धा.

मी हे बघून तडक आक्काच्या खळ्यावर गेलो. मळणी उरकली होती. पांढऱ्या शाळूची रास ताडपत्रीखाली झाकलेली होती आणि आक्का तिच्याशेजारी बसून आभाळाकडे बघत होती. दक्षिणेला ढग जमत होते.

"ये," ती म्हणाली. "पत्रक लिवलंस का आवतन धाडलंस रं? माज्या पेवाची जत्रा केलीस की."

"लोक अडाणी आहेत, आक्का."

"लोक न्हाईत अडानी. असलं लिवल्यावर मी बी गेली असती बगायला."

मी तिला पुढचा कार्यक्रम सांगितला. त्या आठवड्यात चिकोडीहून प्रांतसाहेब भुयार बघायला येणार होते. इनामदारांचा रावसाहेबकीचा कागद त्यांच्या हातून वर जायचा होता. साहेब उतरले, की आम्ही चौघं आतच सत्याग्रहाला बसणार. पेवं परत मिळेपर्यंत हलणार नाही. लागलं तर महिनाभर बसू.

"म्हयनाभर?" आक्का म्हणाली. "आनि माजा जोंधळा कुटं बसनार?"

"हे तत्त्वाचं आहे."

"मला पेव जोंधळ्याला पायजे, तुमी बसायला न्हवं. इनामदारानं बाज टाकलीया, आता तुमी चौगं बसताय. पेव कुनाचं म्हनायचं?"

मी घोषणा ठरवायला निघून गेलो.

साहेब यायच्या दिवशी आम्ही लवकर जाऊन बघ्यांच्या पहिल्या रांगेतून आत घुसलो आणि शेवटच्या पेवात दडून बसलो. दहाच्या सुमाराला वर मोटार थांबल्याचा आवाज आला, हारतुरे झाले, आणि कारभाऱ्याचा खोल आवाज पायऱ्या उतरू लागला. साहेब आपलाच होता, मराठी बोलणारा, थकलेल्या तोंडाचा. लेव्हीची, रेशनची, साठेबाजीची कामं करून करून त्या काळात सगळ्याच प्रांतांची तोंडं तशी झाली होती. मंडळी पहिल्या पेवात बाळाचा जन्म ऐकत होती. आम्ही रुग्णकक्षातून वाकून पुढे सरकलो, दुसऱ्यात येऊन ठाकलो आणि एकदम सुरू केलं: "जनतेची पेवं जनतेला! इनामदारशाही मुर्दाबाद!"

जमिनीखाली घोषणा द्यायचा मला अनुभव नव्हता. आवाज बाहेर जात नाही, आपल्याच डोक्यावर आपटतो. तिकडून कारभारी आमच्यावर आवाज चढवून "मंडळी, हे त्या काळातलं दृश्य!" असं काहीतरी सांगत होता. इनामदार "नाटक आहे, साहेब, नाटक," म्हणत होते. साहेब काही विचारत होते, ते कुणाला ऐकू येत नव्हतं. या सगळ्या गोंधळात मला कडुनिंबाचा वास आला.

मागे वळून बघितलं, तर रुग्णकक्षाच्या छतात उजेड. फळ्या काढलेल्या. दोरीनं एक घमेलं अलगद खाली आलं होतं आणि बाजेजवळ टेकलं होतं. घमेल्यात पेटलेल्या शेणी-गोवऱ्या, वर ओला कडुनिंबाचा पाला. धूर एकदम उठला नाही, तो निवांत जमिनीवरून पसरत आमच्याकडे आला. मी "मुर्दाबाद" म्हणायला तोंड उघडलं आणि निम्मा शब्द आतच राहिला. पुढच्या क्षणी साम्राज्यशाही, इनामदारशाही आणि आम्ही एकाच पायऱ्यांवर एकमेकांना ढकलत वर येत होतो. खोकण्यात कुणाचा पक्ष ओळखू येत नव्हता. साहेबांची टोपी मी उचलून आणली, हे मला पुढे सहकाऱ्यांनी बरेच दिवस ऐकवलं.

अंगणात साहेबांनी डोळे पुसले. "हे काय आहे, इनामदार?"

इनामदारांचे डोळेही गळत होते, पण त्या माणसाची हुशारी कबूल केली पाहिजे. खोकत खोकतच ते म्हणाले, "विषारी वायूच्या हल्ल्याची रंगीत तालीम, साहेब. खास आपल्यासाठी."

"छान," साहेब म्हणाले. "पण आधी सांगायचं."

तेवढ्यात गल्लीत धूर येणाऱ्या पेवाच्या तोंडाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. आक्का दोरी हातात धरून वाकून बसली होती. दोन्ही मुलगे पाचटाचे भारे घेऊन मागे उभे होते. साहेब चालत तिथवर गेले. आम्ही सगळे मागे.

"बाई, हे काय चाललंय?"

"पेव धुपवाय लागलोय, सायेब. जोंधळा भराय झालाय."

"आत माणसं होती!"

"तीनदा हाक मारली न्हवं मी. 'आत कोन हाय काऽ' म्हून. आत लई दंगा हुता." तिनं दोरी जरा हलवली. "आमच्यात एकदम जाळ करत न्हाईत. आदी हलका धूर करायचा. आत काय जीवजंतू असत्याल, त्यास्नी भाईर जायाला वाट मिळती. हिंसा हुईत न्हाय."

कुणीतरी हसलं. प्रांतसाहेब हसले नाहीत.

"लेव्ही भरली?"

"भरलीया की. पावती घरात हाय."

"मग हे पेव तुमचं की इनामदारांचं?"

मी पुढे झालो. या प्रश्नाचं उत्तर माझ्या पत्रकाच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या परिच्छेदात होतं. आक्कानं हातानंच मला मागे सारलं. इनामदार घाईनं म्हणाले, "साहेब, यांनी ते स्वखुशीनं दिलेलं आहे. गावानं देशकार्याला दिलेलं आहे. नोंद आहे तशी."

"दिलंय," आक्का म्हणाली. "खोटं कशाला बोलू? लढाई हुती म्हून दिलं." मग तिनं साहेबांकडे मान वर करून बघितलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, खरोखरच माहिती विचारल्यासारखं तिनं विचारलं, "लढाई संपली न्हवं, सायेब?"

साहेबांनी इनामदारांकडे बघितलं. इनामदारांनी आभाळाकडे बघितलं. सरकारच्या माणसाला, सरकारची लढाई संपली नाही, असं चारचौघांत म्हणता येत नाही.

"संपली, बाई," साहेब म्हणाले.

"मंग झालं," म्हणून आक्कानं घमेलं वर ओढून घेतलं आणि धाकट्याला म्हणाली, "बाज काढ जा भाईर. कुनाची हाय त्याला दे."

वहीत आणि पत्रकात मिळून मी आठ पानं लिहिली होती. त्यांत साम्राज्यशाही सतरा वेळा होती, पण हा प्रश्न एकदाही नव्हता.

उरलेला दिवस आम्ही चौघांनी सत्याग्रहाऐवजी दगड वाहिले. आक्काच्या पेवाच्या दोन्ही अंगांना भुयारासाठी पाडलेली भोकं होती, ती दगड-मातीनं बुजवून लिंपायची होती. आक्का काठावर बसून सांगत होती आणि आम्ही खाली चिखल थापत होतो. "अरं, त्यो दगड उलटा बसीव. भाषन करताना हात किती हालवतोस, हितं का हलंना?" दोन दिवस जाळ करून भिंती तापवल्या, लिंपण वाळलं, सारवण झालं, पाचट लागलं. तिसऱ्या दिवशी जोंधळा पडला. टोपलीमागून टोपली, दुपारपर्यंत. आत उतरून तो पसरायला आणि तुडवायला मला लावलं, कारण माझ्या अंगाला काही कामाची सवय लागावी, असं तिचं म्हणणं होतं. गुडघ्याएवढ्या गार दाण्यात उभं राहिल्यावर कोणतीच घोषणा सुचत नाही. संध्याकाळी धोंडा बसवून माती लिंपली आणि त्या आठवड्यातच वळीव आला. वाऱ्यानं दोन घरांची छपरं नेली. आक्काच्या घराचे पत्रेही उडाले. तिनं ते गोळा करून परत बसवले, बस्स.

इनामदारांचं भुयार आता मधोमध तुटलं होतं. बाकीच्या तिघांनीही पेवं मागितली असती तर ती मिळाली असती, पण त्यांपैकी दोघांनी तोवर दुसरीकडे पेवं घेतली होती आणि तिसऱ्याला, आपल्या पेवात हुंकार ऐकू येतात, याचाच अभिमान वाटायला लागला होता. भुयार बघायला लोक येतच राहिले. कारभाऱ्याची अडचण एवढीच होती, की दुसऱ्या पेवापुढे ताजी लिंपलेली भिंत आली होती आणि तिच्याबद्दल काय सांगायचं, हे पत्रकात नव्हतं.

त्यानं आपलं आपणच ठरवलं. मी मुद्दाम पुन्हा एका रविवारी रांगेत उभा राहिलो होतो. भिंतीपाशी येऊन तो थांबला, मेणबत्ती खाली केली आणि कुजबुजला, "याच्या पलीकडे काय आहे, ते सांगायची परवानगी नाही. प्रांतसाहेब स्वतः आले होते. त्यांच्या समोर बंद केलंय." लोक भिंतीजवळ सरकले. एका बाईनं भिंतीला हात लावून नमस्कार केला.

मी रागारागानं माळ्यावर आलो आणि लिहायला बसलो. 'जनतेच्या डोळ्यांत धूळफेक', मथळा तयार. भिंतीपलीकडे एका शेतकरणीचा जोंधळा आहे, दुसरं काही नाही, हे सगळ्या तालुक्याला सांगायचं होतं. छापण्याआधी कच्चा कागद आक्काला वाचून दाखवला.

"छापू नगंस," ती म्हणाली.

"पण खोटं सांगतोय तो!"

"सांगू दे की. आता तिकडं कोन हात लावनार न्हाय. सायबानं बंद केलंय म्हटल्यावर चोर बी शिवनार न्हाय, लेव्हीवाला बी न्हाय. तू जोंधळा हाय म्हून छापलंस, तर उद्या गाड्या जुपून येत्याल त्ये बगायला."

असत्याशी तडजोड नाही, हे आमच्या प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर असतं. तो कागद मी छापला नाही. या लिखाणात गावाचं नाव नाही, तेही त्यासाठीच. सहकाऱ्यांना मी सांगितलं, की यंत्राची शाई संपली आहे.

पावसाळ्याच्या तोंडाला कोल्हापूरचे एक पाहुणे भुयार बघायचा हट्ट धरून बसले, म्हणून त्यांच्याबरोबर मला पुन्हा उतरावं लागलं. कारभाऱ्यानं भिंत दाखवली, परवानगी नसल्याचं सांगितलं आणि पुढची माणसं आणायला वर गेला. पाहुण्यांनी भिंतीला कान लावला. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "तुम्ही चळवळीतली माणसं. तुम्हाला ठाऊक असणार. काय आहे हो पलीकडं?"

"दारूगोळा असावा," मी म्हणालो.